डबा परत आला तर दोष कुणाचा?

गेल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नृसिंहवाडीत आमच्या बचत गटाची बैठक होती. विषय कर्जफेडीचा होता. एक मैत्रीण उशिरा आली आणि आल्या आल्या तिने पिशवीतून मुलाचा शाळेचा डबा काढून सगळ्यांच्या मधे ठेवला. डबा सकाळी भरला होता तसाच होता. चपाती, दोडक्याची भाजी, कडेला लोणच्याची फोड. सोबत शाळेची डायरी. तीत लिहिलं होतं, 'पाल्यास डब्यात पौष्टिक पदार्थ द्यावेत. आईने लक्ष द्यावे.'

"आता तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "चारला उठते बाई मी. म्हशीचं बघायचं, दूध घालायचं, सासऱ्यांचा चहा, ह्यांचा डबा, पोराचा डबा, आणि आठाच्या ठोक्याला पेढ्याच्या दुकानात हजर. वर आणि लक्ष द्यावे! सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला चवच नाही म्हणून पोरगं खात नाही. हे म्हणतात, वीस रुपये दे त्याला, वडापाव खाईल."

कर्जफेडीचा विषय बाजूला राहिला. प्रत्येकीकडे अशीच एक गोष्ट निघाली. एकीला नवऱ्याने ऐकवलं होतं, एकीला जावेने, तर एकीने स्वतःच स्वतःला. 'मीच कुठंतरी कमी पडते' हे वाक्य तासाभरात चार वेळा तरी ऐकू आलं. डबा भरलेला परत आला की दोषी कोण, हे आपल्याकडे आधीच ठरलेलं असतं.

मुलाचा डबा पौष्टिक असावा आणि त्याला तो आवडावा, याबद्दल वाद नाही. पण हे काम आईच्या हाताच्या चवीवर आणि तिच्या कल्पकतेवर सोडून दिलं, तर ते कधीच धड होणार नाही. त्यात घरातल्या पुरुषांचा वाटा आहे, शाळेचा आहे आणि सरकारचाही आहे. तो वाटा मागायचा सोडून आपण एकमेकींना पाककृती सांगत बसतो.

जून उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या डब्याच्या पाककृतींनी भरून जातात. बिटाचं कटलेट, पालकाची पुरी, चपातीचा पिझ्झा. पदार्थ वाईट नसतात. पण ते सुचवताना एक बाई गृहीत धरलेली असते. तिच्याकडे सकाळी तासभर मोकळा असतो, फ्रिज आणि मिक्सर असतो, आणि तिला दुसरं काही कामच नसतं. अशी बाई आपल्या गटात कुणी पाहिली आहे का? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवसाचा वेळ कुठे जातो याची देशभर पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, त्यातच घालवतात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरातले २६, बायका ८१. या पाच तासांतच डबा येतो. तो वेगळा मोजला जात नाही, कारण ते काम आहे असंच कुणी मानत नाही.

मुलांना विचारलं तेव्हा

पुढच्या रविवारी आम्ही एक साधी गोष्ट केली. गटातल्या बायकांची मुलं एका घरच्या सोप्यात गोळा केली आणि विचारलं, डबा परत का येतो? इतके दिवस हे आम्ही आपापसात बोलत होतो. ज्यांनी खायचं त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

उत्तरं ऐकून आम्ही गप्पच झालो. "चपाती वातड होते." "भाजीचं पाणी सुटून वहीला लागतं." "झाकण उघडत नाही, बाईंना सांगितलं की त्या रागावतात." "सुट्टी लहान असते. नळावर रांग असते. हात धुऊन येईपर्यंत घंटा होते." एक मुलगा म्हणाला, "भाकरी नेली की पोरं हसतात." दुसरा म्हणाला, "मला भूकच नसते," आणि थोडं खोदून विचारल्यावर कळलं की शाळेच्या वाटेवरच कुरकुऱ्याचं पाकीट संपलेलं असतं. 'आईच्या हाताला चव नाही' असं एकही मूल म्हणालं नाही.

म्हणजे निम्मी कारणं स्वयंपाकघरातली नव्हतीच. सुट्टी किती मिनिटांची, पाण्याचे नळ किती, बसायला जागा कुठे, हे प्रश्न शाळेचे. शाळेसमोर काय विकलं जातं हा प्रश्न प्रशासनाचा. त्याबद्दल २०२० चे केंद्रीय नियम आहेत. जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला त्यांत मनाई आहे. पण डायरीत सूचना येते ती आईला. नळ वाढवा, सुट्टी दहा मिनिटांनी वाढवा, असं आपण शाळेला कुठल्या डायरीत लिहायचं?

भाकरी नेली की हसतात, हे उत्तर आम्हाला सगळ्यात जास्त लागलं. ज्वारीची भाकरी ही आपल्या भागातली पिढ्यान्‌पिढ्यांची ताकद. आज तीच गरिबीची आणि गावंढळपणाची खूण झाली आहे. डबा उघडला की जात कळते, घरची परिस्थिती कळते. मासा, अंडं, सुकट आणणाऱ्या मुलाला बाजूला बसवण्याचे प्रकारही आपण ऐकतो. मुलाला आपल्या घरच्या अन्नाची लाज वाटायला लागली, तर आई कितीही निगुतीने करून देवो, डबा उघडलाच जाणार नाही. एकत्र बसून, एकमेकांच्या डब्यातलं खाणं हा शाळेतला महत्त्वाचा धडा आहे. तो कसा शिकवायचा हे शिक्षकांच्या हातात आहे.

डब्यात काय द्यावं

तरीही उद्या सकाळी डबा भरायचाच आहे. म्हणून जमेल तेवढं बोलू. आमच्या बैठकीत ठरलेली गोष्ट अशी, की नवं काही शोधायची गरज नाही. धान्य, त्याला डाळ किंवा दाण्यांची जोड, एखादी भाजी आणि एखादं फळ, एवढं जमलं की डबा पौष्टिक झाला. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की दोन्हींतली प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आज्यांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं, पण त्यांच्या पदार्थांत ते होतं.

भाकरीला मुलं हसतात ना, मग तीच ज्वारी धपाट्यातून द्या. ज्वारीचं पीठ, थोडं गव्हाचं, थोडं बेसन, मूठभर मेथी किंवा कोथिंबीर, तीळ. धपाटं दुपारपर्यंत मऊ राहतं, हातात धरून खाता येतं, पाणी सुटत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी. मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ आणि लिंबाची फोड. लिंबाने चव येतेच, शिवाय उसळीतलं लोह अंगाला लागायला मदत होते. उलट जेवणासोबत चहा घेतला की ते लोह वाया जातं. उप्पीट करायचंच असेल तर त्यात शेंगदाणे आणि मटार, गाजर घाला. मुगाची डाळ रात्री भिजत टाकली तर सकाळी वाटून दहा मिनिटांत धिरडी होतात. कृष्णाकाठची वांगी आपल्या दारात येतात, पण रस्सा डब्यात नको, दाण्याचं कूट घालून कोरडी परता. छोट्या सुट्टीसाठी जयसिंगपूरच्या पद्धतीचं भडंग घरी केलं, त्यात दाणे आणि डाळं सढळ हाताने घातलं आणि तेल-मीठ बेताचं ठेवलं, तर पाकिटापेक्षा स्वस्त पडतं आणि मुलं मिटक्या मारत खातात. दाण्याचा किंवा राजगिऱ्याचा गुळातला लाडू, आणि नाचणीचं काहीही. नाचणीत दुधापेक्षा वजनाला दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं. फळ चिरून दिलं की काळं पडतं. केळं किंवा पेरू अख्खा द्या.

राहिला वाडीचा पेढा. आमच्याकडे घरोघरी पेढा, बासुंदी, कवठाची बर्फी यांची ये-जा असते आणि डब्याच्या कोपऱ्यात पेढा टाकला की मूल खूश होतं. प्रसाद म्हणून, सणावाराला तो हवाच. पण रोजच्या डब्यात गोड हे लाच दिल्यासारखं होतं. मग मूल पेढा खातं आणि बाकीचं परत आणतं.

एक शेवटची युक्ती मुलांनीच सांगितली. आदल्या रात्री त्यांना विचारायचं, उद्या या दोनांतलं काय हवं? ज्याने निवडलं तो खातो. आणि झाकण उघडायचा सराव घरी करून घ्यायचा. चपाती निवल्यावरच डब्यात ठेवायची, म्हणजे वाफेचं पाणी धरत नाही. या गोष्टींना पैसा लागत नाही, थोडं लक्ष लागतं. पण ते आईनेच का द्यायचं?

दूध डेअरीला, चहा पोराला

डब्याची गोष्ट स्वयंपाकघरात संपत नाही. शिरोळ तालुका हा उसाचा तालुका. पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले, पैसा आला. पण बांधावरची तूर, मूग, चवळी, दारातली भाजी मागे हटली. पूर्वी घरच्या रानातून डाळीची मडकी भरायची, आता डाळ किलोच्या भावाने दुकानातून येते आणि म्हणून ती पातळ होते. उसाचं बिल घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर जमा होतं. त्यातून ट्रॅक्टरचा हप्ता जातो, पण महिन्याच्या डाळीचा हिशेब बाईला मागून घ्यावा लागतो.

दुधाचंही तसंच. म्हशीची धार काढते बाई, शेण काढते बाई, वैरण आणते बाई. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं, नाहीतर वाडीच्या पेढ्याला, बासुंदीला जातं. घरात उरतं ते चहापुरतं. ज्या गावात देवाच्या दारी दुधाच्या पदार्थांचे ढीग लागतात, त्याच परिसरातली मुलं सकाळी चहात बुडवून बटर खाऊन शाळेला जातात. दूध विकू नका असं मी म्हणणार नाही, त्याच पैशावर घर चालतं. पण त्यातलं पावशेर मुलांसाठी बाजूला ठेवायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार धार काढणाऱ्या बाईला असावा, एवढं तरी म्हणायला हवं.

आणि 'मुलांसाठी' म्हणताना मुलींचंही बोलूया. त्या रविवारी सातवीतली एक मुलगी शेवटपर्यंत गप्प होती. विचारलं तर म्हणाली, "माझा डबा मीच भरते. दादाचा पण." दादाच्या डब्यात काय असतं? "तूप लावलेली चपाती आणि अंडं. तो क्रिकेट खेळतो ना." आणि तुझ्या? "जे राहिलं ते." तिची आई तिथेच बसली होती. तिने मान खाली घातली. तिला दोष देऊन उपयोग नाही, तिच्याही लहानपणी तिच्या वाट्याला राहिलेलंच आलं होतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. या बायका एका दिवसात तशा झाल्या नाहीत. उरलेल्या डब्यावर वाढवलेल्या मुलीच पुढे तशा होतात.

कढईपुढचे हात

पुरुषांना स्वयंपाक जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी वाडीला यावं. इथे भट्टीपुढे तासन्‌तास उभं राहून खवा आटवणारे बहुतेक पुरुषच आहेत. महाप्रसादाचा भात ढवळतात ते पुरुष. लग्नाचे आचारी पुरुष. पातेलं मोठं असलं आणि मजुरी मिळत असली की हात चालतात. घरची छोटी कढई आली की ते बायकांचं काम होतं.

२०१९ च्या महापुरात गाव पाण्याखाली गेलं, माणसं छावण्यांत राहिली. तेव्हा चुली एकत्र झाल्या. ज्या भावांनी घरात कधी ताट उचललं नव्हतं, त्यांनी कांदा चिरला, पोरांना वाढलं, भांडी घासली. कुणाचं काही कमी झालं नाही. पाणी ओसरलं, जो तो घरी गेला आणि पुन्हा पहिलं पाढे पंचावन्न. पुरात जमतं ते एरवी का जमू नये?

आमच्या मैत्रिणीच्या घरी आता एक छोटा बदल झाला आहे. तिच्या नवऱ्याने रात्री मूग भिजत घालायचे आणि सकाळी डबा भरायचा, एवढं ठरलं. पहिल्या आठवड्यात त्याने दोनदा मीठ विसरलं. पण गंमत अशी, की बिनमिठाचा डबा परत आला तेव्हा त्याच्या हाताला चव नाही असं कुणी म्हणालं नाही. सासूबाई म्हणाल्या, "बिचारा शिकतोय." बायकांना शिकायला असे किती आठवडे मिळाले होते?

शाळेची चूल

ज्या घरात डब्यात घालायलाच काही नसतं, त्या मुलांचं काय? जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना ते नाही. म्हणून आज एकाच घरातला एक मुलगा शाळेत खिचडी खातो आणि धाकट्याचा डबा आई भरते. हे जेवणही आपोआप मिळालेलं नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जायचा. तो शिजवायचं काम पुन्हा आईचंच. अन्नाच्या अधिकारासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांच्या याचिकेवर २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला, तेव्हा कुठे शाळेत चूल पेटली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने त्याला हक्काचं रूप दिलं. पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. हे आकडे पाठ करून ठेवा, शाळेत विचारायला उपयोगी पडतात.

ही चूल पेटवते कोण? पुन्हा बायकाच. स्वयंपाकी आणि मदतनीस म्हणून काम करणाऱ्या या बहुतेक बायका विधवा, परित्यक्ता, भूमिहीन घरांतल्या. केंद्राने २००९ साली त्यांचं मानधन महिन्याला १००० रुपये ठरवलं आणि तेही वर्षातले दहाच महिने. राज्याने पुढे त्यात भर घातली, तरी त्याला पगार म्हणायची सोय नाही. पगार म्हटला की किमान वेतन द्यावं लागेल, म्हणून 'मानधन'. घरी फुकट आणि शाळेत मानधनावर, बाईच्या स्वयंपाकाचा भाव एवढाच. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या कामात दलित आणि आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यायला सांगितलं, कारण तिच्या हातचं सगळ्यांनी खाणं हीच जात मोडायची सुरुवात आहे. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांदेखत चहा घेतला, तिथे हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. पण लागतं.

आणि अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठवड्यातून एक अंडं, आणि ते न खाणाऱ्यांना केळं द्यायचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेतला आणि हवं तर लोकसहभागातून द्या असं सांगितलं. आमचं तर क्षेत्राचं गाव. अंड्याचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली जातो. पण जे खात नाहीत त्यांना केळं होतंच. प्रश्न धर्माचा नव्हता, पैशाचा होता. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, ती गरीब मुलाला दुसरीकडून कशी मिळणार, याचं उत्तर कुणी दिलं नाही. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात अंडं १९८९ पासून आहे.

आपण काय करायचं

मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायका शेकडो कामगारांना जेवू घालत होत्या, पण त्यांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्यासोबत त्या अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आल्या, बँकेचं कर्ज मिळवलं आणि आपलं रांधणं हे काम आहे हे सिद्ध केलं. मुलाच्या डब्याबाबत आपल्याला तिथूनच सुरुवात करायची आहे.

आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जायचं. त्या समितीत पालकांचं बहुमत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा शिक्षण हक्क कायद्याचा नियम आहे. तिथे मोठ्या सुट्टीची मिनिटं, नळ, पोषण आहाराचं वजन आणि स्वयंपाकीण मावशींचं थकलेलं मानधन, हे विषय लावायचे. दुसरी, महिन्यातून एकदा गटाच्या सगळ्या घरांत डबा बाबाने भरायचा, आणि त्या दिवशी कुणी हसायचं नाही. तिसरी, मुलगा आणि मुलगी यांचे डबे सकाळी शेजारी शेजारी उघडे ठेवून भरायचे. दोन्हींत सारखं आहे की नाही ते दिसलं पाहिजे.

आणि डायरी? तिला उत्तर लिहिलं. सगळ्यांनी मिळून मजकूर ठरवला, सही आमच्या मैत्रिणीने केली आणि खाली तिच्या नवऱ्यानेही. 'डब्याकडे आम्ही दोघेही लक्ष देत आहोत. मुलांना जेवायला पुरेसा वेळ आणि हात धुवायला पाणी मिळावे, याकडे शाळेनेही लक्ष द्यावे.' शाळेचं उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्या गावात काय अनुभव आहे, जरूर कळवा.